बेताच्या पैशात गोल हिरा

साखरपुड्याची तारीख ठरली की जबलपुरात घमापूरहून सराफ्याकडे फेऱ्या सुरू होतात. सोन्यातलं आपल्या माणसांना कळतं. भाव रोज पेपरात असतो, वजन काट्यावर दिसतं, मोड घातली तर काय येईल याचा अंदाज असतो. हिऱ्यापाशी मात्र भले भले गप्प होतात आणि गादीवरचा माणूस सांगेल ते ऐकून घेतात. तसं होण्याचं काही कारण नाही. गोल हिरा निवडण्याची एक रीत आहे आणि ती क्रमानं पाळली, तर बेताच्या पैशातही बोटावर झळकणारा खडा मिळतो. या रीतीत एक गोष्ट मी सगळ्यांच्या वर ठेवेन: पैसा आधी कटवर, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यावर लावा. रंगात आणि शुद्धतेत खाली उतरलात तरी चालेल. कटमध्ये आणि कागदात उतरू नका.

आधी जबलपूरपुरतीच एक सूचना. पन्ना आपल्यापासून जवळ. मझगवांची एनएमडीसीची हिऱ्यांची खाण तिथलीच, आणि सरकारकडून जमिनीचा लहान तुकडा पट्ट्यानं घेऊन साधी माणसंही तिथे हिरे शोधतात. 2018 मध्ये एका मजुराला बेचाळीस कॅरेटहून मोठा हिरा सापडला होता. मराठी माणसाचं या हिऱ्यांशी नातं जुनं आहे: 1729 मध्ये बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावून गेला आणि पुढे त्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. त्यामुळे ‘पन्न्याचा खडा आहे, ओळखीतला आहे, स्वस्तात सुटेल’ असं कुणी म्हणालं की मन लगेच हलतं. नाही म्हणा. पट्ट्यावर सापडलेला हिरा पन्न्याच्या हीरा कार्यालयात जमा करावा लागतो आणि तिथून तो लिलावानं विकला जातो. कागदाविना हातोहात फिरणारा खडा एक तर चोरवाटेचा, नाही तर हिराच नव्हे. शिवाय तो कच्चा असतो. पैलू पाडताना कच्च्या हिऱ्याचं निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त वजन उडून जातं. घरच्या अंगठीसाठी कच्चा माल घेण्यात काहीच हशील नाही.

सोबत काय न्यायचं? दहापट मोठं दाखवणारं भिंग, म्हणजे सराफांचं लूप. स्वतःचं नसेल तर दुकानात मागा. जे दुकान लूप हातात द्यायला कचरतं तिथून उठावं. एक कोरा पांढरा कागद, फोन आणि वही. ज्या बोटात अंगठी घालायची ते बोट आधी दोनदा मोजून घ्या, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. जबलपूरच्या मे महिन्यात बोटं चांगलीच फुगतात. थंडीत सकाळी घेतलेलं माप उन्हाळ्यात रुततं.

आता पहिली पायरी: हिशेब उलटा करा. आपण दुकानात जाऊन ‘लाखात काय येईल’ असं विचारतो आणि तिथेच घोळ होतो, कारण त्या लाखात सोनं, घडणावळ, कर आणि हिरा असे चार वाटेकरी असतात. घरीच बसून मांडा. दागिन्यावर 3 टक्के जीएसटी आहे. म्हणजे एकूण 1,00,000 रुपये खर्चायचे असतील तर 1.03 नं भागा: 97,087 रुपये. यातून सोनं वजा करा. हिऱ्याची अंगठी सहसा 18 कॅरेटमध्ये घडवतात, कारण 22 कॅरेटचं सोनं मऊ पडतं आणि खड्यावरची पकड सैल होते. 18 कॅरेट म्हणजे 75 टक्के शुद्ध सोनं. तीन ग्रॅमच्या अंगठीत सव्वादोन ग्रॅम शुद्ध सोनं आलं. त्याला त्या दिवसाच्या 24 कॅरेटच्या भावानं गुणा. मग घडणावळ. ती काही जण ग्रॅमवर लावतात, काही टक्क्यांत, आणि हिऱ्याच्या अंगठीवर साध्या सोन्यापेक्षा बरीच जास्त लावतात. आकडा आधी विचारून वहीत लिहा. हे सगळं वजा जाता जे उरेल ते खड्याचे पैसे. सोन्याचा भाव चढला की ही रक्कम आक्रसते, म्हणून अंगठी जाड हवी की हिरा चांगला हवा, याचा निकाल याच टप्प्यावर लावावा. माझं मत विचाराल तर अंगठी अडीच-तीन ग्रॅमची नाजूक करा आणि पैसे खड्यासाठी राखा.

दुसरी गोष्टही घरीच ठरवायची, दुकानात नाही: खाणीतला हिरा की प्रयोगशाळेत घडवलेला? सुरतेत आता दोन्ही घडतात. प्रयोगशाळेतला, ज्याला बाजारात सीव्हीडी किंवा लॅब-ग्रोन म्हणतात, तोही हिराच आहे. तोच कार्बन, तोच कठीणपणा, तीच चमक. डोळ्यानं फरक कळत नाही, आणि सराफाकडचं पेनासारखं साधं टेस्टर दोघांनाही हिराच म्हणतं. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याच्या किमती मात्र गेल्या काही वर्षांत कोसळल्या आहेत. त्यामुळे त्याच पैशात खाणीतल्या खड्यापेक्षा कितीतरी मोठा खडा मिळतो, पण परत विकायला गेलात तर जवळजवळ काही हाती येत नाही. खाणीतला लहान हिराही विकताना बराच उतरतो, हे तितकंच खरं. हिऱ्याकडे ठेव म्हणून पाहूच नये. ठेव हवी तर चोख सोनं घ्या. अंगठी फक्त घालायची असेल आणि दोघांनाही ठाऊक असेल, तर प्रयोगशाळेतला हिरा घेण्यात काही कमीपणा नाही. कमीपणा लपवण्यात आहे. बिलावर आणि प्रमाणपत्रावर कोणता हिरा आहे ते स्पष्ट लिहून घ्या, आणि मुलीकडच्यांना किंवा मुलाकडच्यांना तेच सांगा. यापुढची रीत बहुतांशी दोन्हींना लागू आहे.

मग कागद. खड्याला स्वतंत्र प्रयोगशाळेचा रिपोर्ट हवाच. दुकानाच्या शिक्क्याचं कार्ड म्हणजे रिपोर्ट नव्हे. जीआयए, आयजीआय, एसजीएल ही नावं आपल्या बाजारात नेहमी दिसतील. जीआयएचा कस कडक मानतात, आणि त्यांच्या रिपोर्टवाला खडा त्या मानानं महाग असतो. एकाच खड्याला दोन प्रयोगशाळांकडून वेगळी अक्षरं मिळू शकतात, म्हणून दोन खडे ताडून पाहताना दोघांचे रिपोर्ट एकाच प्रयोगशाळेचे असू द्या. नाही तर तुम्ही हिऱ्यांची नव्हे, कागदांची तुलना करत बसाल. रिपोर्टचा क्रमांक तिथल्या तिथे फोनवर त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. बऱ्याच खड्यांच्या कडेवर हाच क्रमांक लेझरनं कोरलेला असतो. तो लुपातून दाखवायला सांगा. सुटा खडा तपासून केलेला रिपोर्ट घ्यावा. बसवलेल्या खड्याच्या रिपोर्टात वजन अंदाजानं लिहिलेलं असतं.

इथेच वजनाचा मुद्दा येतो. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, आणि कॅरेटचे शंभर सेंट. सोन्याच्या कॅरेटशी याचा काही संबंध नाही. राशीचे खडे विकणारे रत्तीत बोलतात. त्यांना सांगा, भाव कॅरेटचाच सांगा, कारण रत्ती प्रत्येकाची वेगळी निघते. हिऱ्याचा भाव वजनासोबत सरळ चढत नाही, पायऱ्यांनी चढतो: 30 सेंटला एक उडी, 40 ला एक, मग 50, 70, 90 आणि पूर्ण एक कॅरेट. या आकड्यांच्या जरा अलीकडचा खडा मागा. 50 सेंटचा गोल हिरा साधारण 5.1 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि 48 सेंटचा 5.05 च्या आसपास. हा फरक बोटावर कुणालाच दिसणार नाही, पण 48 सेंटचा दर खालच्या पायरीचा असतो. तसेच 28, 38, 68, 88. असे खडे कमी मिळतात, कारण पैलू पाडणारासुद्धा पायरी गाठायला बघतो. म्हणून सराफाला आठ-दहा दिवस द्या. मुंबई-सुरतेहून तो मागवू शकतो.

पायरी गाठण्याच्या या हव्यासातच गिऱ्हाइकाचं नुकसान आहे. वजन राखण्यासाठी खडा खोल ठेवतात किंवा कड जाड ठेवतात. मग वजन पोटात जातं आणि वरून खडा लहान दिसतो. हे पकडायला एक सोपं गणित आहे: व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले 0.0061, दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये. उत्तर साधारण कॅरेटमध्ये येतं. रिपोर्टवर व्यास 5.11 ते 5.14 आणि उंची 3.16 असेल तर उत्तर अर्ध्या कॅरेटच्या आसपास येईल, आणि उंची व्यासाच्या 61.7 टक्के भरेल. उत्तम. पण अर्धा कॅरेटच असून व्यास 5 मिलिमीटर असेल, तर उंची 65 टक्क्यांच्या वर गेली असली पाहिजे. तो खडा परत करा. दुकानदार म्हणेल, वजन तर तेवढंच आहे. वजन तेवढंच आहे, पण त्यातलं बरंच कोंदणात लपणार आहे.

आता कट. इथे घाई करू नका; सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त वेळ इथेच द्यायचा आहे.

रंग, शुद्धता आणि वजन खडा जमिनीतून घेऊन येतो. कट माणूस देतो. गोल ब्रिलियंट हिऱ्याला 57 पैलू असतात, तळाच्या टोकाला बारीकसा सपाट पैलू ठेवला तर 58. वरचा मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल, त्याच्या भोवतीचा उतार म्हणजे क्राउन, खालचा शंकू म्हणजे पॅव्हिलियन आणि दोघांमधली कड म्हणजे गर्डल. आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूवर 24.4 अंशांहून जास्त तिरका पडला तर तो बाहेर पडू शकत नाही, परत फिरतो. एका पैलूवरून समोरच्या पैलूवर जातो आणि वरून आपल्या डोळ्यात येतो. खालचे पैलू उथळ किंवा फार खोल असले तर तोच प्रकाश तळातून गळून जातो, आणि कितीही शुद्ध खडा असला तरी मलूल दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्की यानं 1919 मध्ये ‘डायमंड डिझाइन’ या पुस्तकात हे गणित मांडलं: टेबल व्यासाच्या 53 टक्के, क्राउनचा कोन 34.5 अंश, पॅव्हिलियनचा 40.75 अंश. आजचे कारागीर त्याच्या आसपासच काम करतात.

रिपोर्टवर ही मापं असतात. जीआयए 2006 पासून गोल हिऱ्याच्या कटला श्रेणी देते, एक्सलंटपासून पूअरपर्यंत. एक्सलंटच मागा, पण त्यावर थांबू नका, कारण एक्सलंटची हद्द रुंद आहे आणि तिच्या कडेवरचे खडे फिके पडतात. वहीत हे लिहून न्या: टेबल 54 ते 58 टक्के, एकूण उंची 60 ते 62.5 टक्के, क्राउन 34 ते 35 अंश, पॅव्हिलियन 40.6 ते 41 अंश, गर्डल फार पातळही नको आणि फार जाडही नको. दोन कोनांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे: क्राउन 35 कडे असेल तर पॅव्हिलियन 40.6 कडचा बघा, क्राउन 34 असेल तर 41 चालेल. पॉलिश आणि सिमेट्री ‘व्हेरी गुड’ असली तरी डोळ्याला फरक पडत नाही; तिथे थोडे पैसे वाचवा.

कागदानंतर डोळा. दुकानातल्या छताचे पिवळे झोतदिवे काचेलाही झळाळी देतात, त्यांच्याखाली निर्णय घेऊ नका. खडा पुसून चिमट्यात घ्या आणि दाराशी या. थेट ऊन नको, सावलीतला उजेड हवा. सराफ्याच्या अरुंद गल्लीत तो सकाळी अकराच्या सुमाराला छान मिळतो. तिथे खडा हलवा. चांगल्या कटच्या हिऱ्यात पांढरे आणि काळे कवडसे सारख्या वाटणीनं पडतात आणि खडा हलला की झपाझप जागा बदलतात. मधोमध काळा डाग बसून राहत असेल तर पॅव्हिलियन खोल आहे. टेबलमधून कडेची राखाडी गोल रेघ दिसत असेल तर तो उथळ आहे. व्यापारी याला फिश-आय म्हणतात. मग आत जाऊन साध्या ट्यूबलाइटखाली पाहा. शेवटी खडा बोटांच्या बेचक्यात ठेवून हात पुढे करा. अंगठी याच अंतरावरून दिसणार आहे, लुपातून नाही. दोन-तीन खडे शेजारी ठेवून पाहिले की अर्ध्या तासात डोळा तयार होतो. घरातल्या ज्या बाईला तांदळातला खडा दुरून दिसतो, तिला सोबत न्या.

रंगाला फार वेळ लागत नाही. श्रेणी डी पासून झेड पर्यंत. डी म्हणजे पूर्ण बिनरंगी. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर आय किंवा जे पुरे, कारण सोन्याचा पिवळेपणा खड्याचा पिवळेपणा झाकतो. डी-ई चे पैसे देऊन तो पिवळ्या कोंदणात बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पांढऱ्या सोन्यासाठी जी किंवा एच बघा. तपासायला पांढऱ्या कागदाला मधोमध घडी घाला, घडीत खडा पालथा ठेवा आणि बाजूनं पाहा. वरून चमक डोळ्यांना फसवते. रिपोर्टवर फ्लोरोसन्स लिहिलेला असतो, म्हणजे अतिनील उजेडात खडा निळा चमकतो का. आय-जे रंगात मध्यम फ्लोरोसन्स असलेला खडा बहुधा स्वस्त पडतो आणि उन्हात उलट पांढरा दिसतो. ‘स्ट्राँग’ असेल तर बाहेर उजेडात धुरकट वाटत नाही ना, एवढं बघून घ्या. आणखी एक: दुकानात ‘जीएच-व्हीएस’, ‘आयजे-एसआय’ अशी रंग-शुद्धतेची जोडनावं सांगतात. बारीक हिऱ्यांच्या राशीला ती ठीक, पण एकट्या खड्याला एकच अक्षर हवं. जोडीच सांगितली तर त्यातलं खालचं अक्षर धरून भाव करा.

शुद्धतेबद्दल आपल्या जुन्या रत्नशास्त्रानं पाच दोष सांगितलेत: मल, बिंदू, यव, रेखा आणि काकपद. आजची प्रयोगशाळा हेच दहापट भिंगातून पाहते आणि एफएल पासून आय-3 पर्यंत अकरा श्रेणी लावते. व्हीव्हीएसचा आग्रह आपल्याकडे फार. तो सोडा. व्हीएस-2 किंवा नीट निवडलेला एसआय-1 बोटावर व्हीव्हीएससारखाच दिसतो, आणि वाचलेल्या पैशात कट सुधारतो. मात्र एसआय-1 निवडताना डाग कुठे आहे ते बघा. लूप डोळ्याला चिकटवून धरा, दुसरा डोळा उघडा ठेवा, आणि खडा इंचभर अंतरावर आणून स्पष्ट होईपर्यंत पुढेमागे करा. टेबलच्या मध्ये काळा बिंदू नको. कडेला पांढरा डाग असेल तर घ्या. तो कोंदणाच्या नखाखाली झाकता येतो. कडेपर्यंत पोचलेली रेखा, म्हणजे तडा, अजिबात नको. हिरा सगळ्यांत कठीण असला तरी ठरावीक दिशेनं आघात झाला तर तो चिरतो, आणि कड ही त्याची सर्वांत नाजूक जागा. या एका दोषाबाबत जुन्या पारख्यांची धास्ती अगदी योग्य होती.

लूप हातात आहेच, तर हिऱ्यासारखा दिसणारा मॉयसनाइटही ओळखून घ्या. साधं टेस्टर त्यालाही हिरा म्हणतं. टेबलमधून जरा तिरकं पाहिलं की त्याच्या खालच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसतात. हिऱ्यात रेषा एकेरीच असते.

काही घरांत हिरा लाभतो की नाही हे बघायला चार रात्री उशाशी ठेवतात. ठेवायचा असेल तर सुटाच न्या, चिठ्ठीवर रिपोर्टचा क्रमांक आणि परतीची तारीख लिहून घ्या, आणि नेताना व देताना दोन्ही वेळा कडेवरचा क्रमांक दोघांनी मिळून पाहा. बसवायला कारागिराकडे देताना आणि परत घेतानाही हेच. खडा मुंबईहून आणून जबलपुरात बसवत असाल तर हे जास्तच सांभाळा.

कोंदण कसं हवं ते हातावर ठरतं. घरकाम, कारखान्यातलं काम, दुचाकी, असा रोजचा वापर असेल तर कडेनं सोन्याचं पूर्ण रिंगण असलेलं बंद कोंदण घ्या. खडा थोडा लहान दिसतो, पण कड सांभाळली जाते. उघडं हवं तर चार नखांपेक्षा सहा बरी, कारण एक तुटलं तरी खडा जागेवर राहतो. नखं पांढऱ्या सोन्याची आणि वेढा पिवळा, ही जोडणी सुंदर दिसते. खडा उंच उभा करू नका, साडीला आणि शर्टाच्या बाहीला अडकतो. आणि हिशेबात चांगला एकटा खडा बसतच नसेल, तर ओढूनताणून वाईट खडा घेण्यापेक्षा कुडीसारखी सात बारीक हिऱ्यांची अंगठी करा. बारीक खड्यांचा कॅरेटचा भाव बराच कमी असतो, फूल मोठं दिसतं आणि ते आपल्या वळणाचंही आहे.

शेवटी बिल. खड्याचा कॅरेटला भाव किती, वजन किती, हे वेगळ्या ओळीत; सोन्याचं निव्वळ वजन वेगळ्या ओळीत. अंगठी 3.10 ग्रॅम भरली आणि हिरा अर्ध्या कॅरेटचा असेल, तर सोनं 3.00 ग्रॅम; 0.10 ग्रॅम हिऱ्याचं आहे, त्याला सोन्याचा भाव लावू देऊ नका. ‘हिऱ्यावर 30 टक्के सूट’ ऐकून हुरळू नका, सूट जाऊन कॅरेटला किती पडले तेवढाच आकडा दुसऱ्या दुकानाशी ताडा. अंगठीच्या आत बीआयएसचं चिन्ह, 18K750 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असला पाहिजे. 1 एप्रिल 2023 पासून तो सक्तीचा आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सूट असते. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक टाकून बघा. हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, खड्याची नाही, म्हणून रिपोर्टचा क्रमांकही बिलावर हवा. बदलून घेताना किती टक्के कापणार आणि रोख परत करताना किती, हेही त्याच बिलावर लिहून घ्या. दुकानातल्या मुलाचं तोंडी आश्वासन पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही.

अंगठी घरी आली की रिपोर्ट आणि बिल दागिन्यांच्या डब्यापासून वेगळं ठेवा. डब्यातही हिऱ्याची अंगठी स्वतंत्र पिशवीत असू द्या, ती शेजारच्या बांगड्यांवर ओरखडे पाडते. कणीक मळताना, तेल लावताना काढून ठेवा, कारण हिऱ्याला चिकटाई फार लवकर धरते आणि तळाला थर बसला की कटची सगळी मेहनत झाकली जाते. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ ब्रश, खालच्या बाजूनं हलक्या हातानं. आधी बेसिनचं भोक बंद करा. वर्षातून एकदा सराफ्यात नेऊन नखं तपासून घ्या. अंगठी कानाशी धरून बोटानं टिचकी मारल्यावर खडखड ऐकू आली, तर त्या दिवसापासून ती बोटात घालू नका.